वैमानिकाला वातावरण का शिकावे लागते?

तुमच्यापैकी कित्येकांनी मोठेपणी वैमानिक व्हायचे ठरवले असेल. आपल्या देशात दहावी उत्तीर्ण झालेल्या आणि वयाची सोळा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींना शिकाऊ वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. म्हणजे तुमच्यातील काहींच्या बाबतीत तो दिवस फारसा दूर नाही! परंतु फ्लाइंग क्लबात नाव घातले की लगेच विमानाचे सुकाणू हाती मिळेल, अशी समजूत असल्यास ती सोडून द्या. विमानाबरोबर पुस्तकेही हाती येतात आणि त्यांत एक जाडजूड पुस्तक असते हवामानशास्त्राचे. त्याचा पहिलाच धडा असतो वातावरणाची रचना आणि घटक.

वातावरणाचे थर तुम्ही भूगोलात पाठ केलेले आहेतच. मग वैमानिकाने ते पुन्हा कशासाठी शिकायचे? कारण सरळ आहे. नावाड्याला जसे पाणी, तशी वैमानिकाला हवा. त्याच्या विमानाचे पंख हवेवर तरतात, इंजिन हवा पिऊन चालते, उंची आणि वेग सांगणारी यंत्रे हवेचा दाब मोजतात आणि तो स्वतः हवेतच श्वास घेतो. हवेचा स्वभाव बदलला की या चारही गोष्टी एकदम बदलतात. तो बदल डोळ्यांना मात्र दिसत नाही.

हवेत काय काय असते?

कोरड्या हवेचे १०० भाग घेतले, तर त्यांत सुमारे ७८ भाग नत्रवायू, २१ भाग प्राणवायू आणि जेमतेम १ भाग आरगॉन हा निष्क्रिय वायू असतो. कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण अवघे ०.०४ टक्क्यांच्या थोडे वर आहे आणि कोळसा व तेल जाळल्यामुळे ते वर्षानुवर्षे वाढत आहे. शिवाय निऑन, हेलियम, मिथेन, क्रिप्टॉन, हायड्रोजन हे वायू अगदी लेशमात्र असतात.

आता एक प्रश्न. एव्हरेस्टच्या शिखरावर हवेत प्राणवायू किती टक्के असेल? पुष्कळ जण झटकन उत्तर देतात, ‘सात-आठ टक्के.’ हे उत्तर चूक आहे. तेथेही प्राणवायू २१ टक्केच असतो! वारे आणि वर-खाली होणारे प्रवाह हवा सतत घुसळत असल्यामुळे सुमारे ८० ते १०० किलोमीटर उंचीपर्यंत या वायूंचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ तेच राहते. कमी होते ती एकूण हवाच. दुधात पाणी घातले म्हणजे दूध पातळ होते, तशी ही हवा पातळ झालेली नसते. पेल्यात दूध चांगलेच असते, पण पेला एक-तृतीयांशच भरलेला असतो. हा फरक नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

प्रमाण स्थिर न ठेवणारा एक महत्त्वाचा घटक म्हणजे पाण्याची वाफ. वाळवंटात ती जवळजवळ शून्य, तर कोकणातील पावसाळ्यात हवेच्या तीन-चार टक्क्यांपर्यंत असू शकते. ढग, धुके, गारा, विजा ही वैमानिकाची बहुतेक दुखणी या एका घटकातून उपजतात.

हवेचे ओझे

हवेला वजन आहे. समुद्रसपाटीवर एका घनमीटर हवेचे वजन साधारण १ किलो २२५ ग्रॅम भरते. आपल्या डोक्यावर हवेचा जो प्रचंड उंच स्तंभ उभा आहे, त्याचा दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅमहून किंचित अधिक भार पडतो. तुमच्या तळहातावर या क्षणी सुमारे शंभर किलोचे ओझे आहे! हात खाली जात नाही, कारण हवा खालूनही तेवढ्याच जोराने वर दाबते.

हवा दाबली जाणारी वस्तू आहे. गाद्यांची चळत रचली तर सर्वांत खालची गादी सर्वांत जास्त चेपते. हवेचेही तसेच. खालचे थर दाट, वरचे विरळ. त्यामुळे हवेचा दाब उंचीबरोबर सारख्या हप्त्याने कमी होत नाही. आधी भराभर आणि पुढे सावकाश असा तो उतरतो. पहिल्या साडेपाच किलोमीटरमध्येच निम्मी हवा आपल्या पायाखाली गेलेली असते!

ठरवून घेतलेले वातावरण

हवा रोज बदलते, गावोगाव बदलते. मग मुंबईत तपासलेले विमान आणि लंडनमध्ये तपासलेले विमान यांची तुलना कशी करायची? यासाठी सर्व देशांनी मिळून एक आदर्श वातावरण मान्य केले आहे. त्याला प्रमाण वातावरण म्हणतात. त्यात समुद्रसपाटीवर तपमान १५ अंश सेल्सियस आणि दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरतात. (पूर्वी ज्याला मिलिबार म्हणत, तेच हे माप.) वर जाताना दर किलोमीटरला तपमान साडेसहा अंशांनी उतरते, असेही धरले आहे. त्याचा हिशेब असा :

समुद्रसपाटी : दाब १०१३, तपमान १५°, घनता १०० टक्के
१.५ कि. मी. : दाब ८४६, तपमान ५°, घनता ८६ टक्के
३ कि. मी. : दाब ७०१, तपमान उणे ४.५°, घनता ७४ टक्के
५.५ कि. मी. : दाब ५०५, तपमान उणे २१°, घनता ५७ टक्के
११ कि. मी. : दाब २२६, तपमान उणे ५६.५°, घनता ३० टक्के
२० कि. मी. : दाब ५५, तपमान उणे ५६.५°, घनता ७ टक्के

प्रत्यक्षात असे वातावरण एखाद्या ठिकाणी एखाद्या दिवशी योगायोगानेच सापडेल. ते मोजपट्टीसारखे वापरायचे असते. आजची हवा या पट्टीपेक्षा किती वेगळी आहे, हे काढणे हा शिकाऊ वैमानिकाचा रोजचा गृहपाठ.

उंची सांगणारे यंत्र उंची मोजतच नाही!

विमानातील उंचीमापक ही मुळात हवा काढून घेतलेली धातूची एक पातळ डबी असते. बाहेरचा दाब कमी झाला की ती किंचित फुगते, दाब वाढला की चेपते. ही हालचाल तरफा आणि दातेरी चाके यांच्या साहाय्याने काट्यापर्यंत पोचवतात. काट्याखालच्या तबकडीवर दाबाऐवजी उंचीचे आकडे छापलेले असतात, इतकेच. म्हणजे यंत्र मोजते दाब आणि सांगते उंची!

समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने उतरला म्हणजे आपण सुमारे सव्वाआठ मीटर, म्हणजे २७ फूट वर चढलो, असे ते यंत्र समजते. आता असे पाहा. एका विमानतळावर समुद्रसपाटीचा दाब १०१० आहे. वैमानिकाने तो आकडा उंचीमापकात लावला आणि उड्डाण केले. वाटेत कमी दाबाचा पट्टा आहे आणि तेथे समुद्रसपाटीचा दाब १००२ आहे. वैमानिक काट्यावर ९०० मीटर कायम ठेवून निघाला आहे. दाब आठने कमी झालेला असल्यामुळे यंत्राला वाटेल की विमान वर चढले. वैमानिक काटा जागेवर आणण्यासाठी नकळत थोडे थोडे खाली येत राहील. कमी दाबाच्या प्रदेशात तो पोचेल तेव्हा काटा ९०० मीटरच दाखवीत असेल, पण विमान प्रत्यक्षात ८३५ मीटरच्या आसपास असेल. मोकळ्या मैदानावर पासष्ट मीटरांचे फारसे काही नाही. ढगांत लपलेल्या सह्याद्रीच्या धारेवर मात्र तेवढ्यात होत्याचे नव्हते होते.

म्हणूनच प्रत्येक विमानतळ येणाऱ्या वैमानिकाला तेथला त्या वेळचा दाब रेडिओवरून कळवतो. वैमानिक तो आकडा मोठ्याने परत म्हणून दाखवतो आणि मग यंत्रात लावतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताना सावध राहा, तुम्ही समजता त्यापेक्षा खाली आहात, हा नियम शिकाऊ वैमानिकांकडून घोकून घेतात. थंडीचाही असाच नियम आहे. थंड हवा आकसलेली असते, त्यामुळे तीत दाब उंचीबरोबर अधिक वेगाने उतरतो आणि विमान काट्यापेक्षा खाली असते. कडाक्याच्या हिवाळ्यात बर्फाच्छादित डोंगरांवरून उडणाऱ्यांना याचा वेगळा हिशेब करावा लागतो.

पुण्याचा मे महिना

आता हवेच्या घनतेकडे वळू. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटर उंचीवर आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवर तपमान ११ अंश हवे. मे महिन्यातल्या दुपारी ते समजा ४० अंश आहे. तापलेली हवा प्रसरण पावते, विरळ होते. गणित केले तर त्या दुपारी लोहगावच्या धावपट्टीवरील हवा प्रमाण वातावरणातील सुमारे १,५७५ मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ निघते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे १,६४६ मीटर. म्हणजे विमान उभे आहे लोहगावात, पण त्याच्या दृष्टीने ते जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरून उडणार आहे! याला घनता-उंची म्हणतात.

परिणाम काय होतो ते पाहा. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेच्या मानाने ही हवा सुमारे १४ टक्के विरळ आहे. पंखांना तेवढेच उत्थापक बल मिळवायचे तर विमानाला सुमारे आठ टक्के अधिक वेगाने धावले पाहिजे. परंतु इंजिनालाही हीच विरळ हवा मिळते, त्यामुळे त्याची ताकद घटलेली असते. पंख्याची पातीही विरळ हवेत कमी ओढ देतात. वेग जास्त हवा आणि जोर कमी, असा दोन्हीकडून तोटा होतो. लहान विमानाला जमीन सोडण्यापूर्वी सव्वा ते दीडपट अंतर धावावे लागते आणि उडाल्यावरही ते सावकाश चढते.

यात फसगत कोठे होते? वेग दाखवणारे यंत्रही हवेच्या दाबावरच चालते. हवा जेवढी विरळ, तेवढा वेग ते कमी दाखवते. त्यामुळे जमीन सोडताना काट्यावर नेहमीचाच आकडा दिसतो, काहीही बिघडलेले वाटत नाही, फक्त धावपट्टीचे टोक नेहमीपेक्षा लवकर जवळ येते. लोहगावसारखी लांब धावपट्टी असेल तर निभावून जाते. आखूड धावपट्टी, टोकाला झाडांची रांग, विमानात चार माणसे आणि काठोकाठ इंधन, अशी गाठ पडली तर नाही. म्हणून शहाणा वैमानिक उन्हाळ्यात पहाटे उडतो, ओझे कमी करतो आणि निघण्यापूर्वी कागदावर आकडेमोड करतो. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तेथे प्रवासी विमानांची ये-जा मुख्यतः सकाळी चालते, याचे एक कारण हेच. दुपारी डोंगरांतून सुटणारे जोरदार वारे हे दुसरे.

दमट हवा जड की हलकी?

पावसाळ्यात ‘हवा जड झाली आहे’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते! पाण्याचा रेणुभार १८, तर कोरड्या हवेचा सरासरी रेणुभार २९. तपमान आणि दाब तेच असतील तर ठराविक जागेत रेणूंची संख्या ठराविकच असते. तेव्हा पाण्याचा एक रेणू आत आला की तितक्यापुरता नत्रवायूचा किंवा प्राणवायूचा जड रेणू बाहेर गेलेला असतो. म्हणून उष्ण आणि दमट दिवस विमानाला अधिकच जड जातो.

वाफेची दुसरी खोडी तर आणखी नवलाची आहे. लहान विमानांच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर असतो. त्याच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब उतरतो, पेट्रोलचेही बाष्पीभवन होते आणि मिश्रण एकाएकी वीस-पंचवीस अंशांनी थंड होऊ शकते. त्यामुळे बाहेर २० अंशांची सुखद हवा असताना आत बर्फ धरून इंजिन गुदमरते! अशा वेळी गरम हवा आत सोडणारी एक दांडी ओढावी लागते. ती केव्हा ओढायची, हे शिकाऊ वैमानिकाला पहिल्या काही दिवसांतच शिकवतात.

वातावरणाचे मजले

आता आपण वर चढू. सर्वांत खालचा मजला तपांबराचा. वातावरणाच्या एकूण वस्तुमानाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग आणि जवळजवळ सगळी वाफ या एका मजल्यात आहे. ढग, पाऊस, वादळे सारी येथलीच. वर जावे तसे येथे थंड होत जाते. याचे कारण असे की सूर्याचे ऊन हवेला थेट फारसे तापवीत नाही, ते जमिनीला तापवते आणि जमीन हवेला तापवते. शिवाय वर जाणारी हवा कमी दाबात फुगते आणि फुगताना थंड होते. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा बोटाला गार लागते ना? तसेच.

हे तपमान असेच उतरत उतरत शेवटपर्यंत जात असेल, अशी पूर्वी शास्त्रज्ञांची समजूत होती. फ्रान्समधील लिआँ तेसरें द बॉर यांनी पॅरिसजवळून तपमान नोंदणारी यंत्रे बांधलेले शेकडो फुगे सोडले. सुमारे ११ किलोमीटरच्या पुढे पारा उतरायचा थांबतो, असे पुन्हा पुन्हा आढळले. यंत्राला ऊन लागून तसे होत असेल, या शंकेने त्यांनी रात्रीही फुगे सोडले. उत्तर तेच! अखेर १९०२ साली त्यांनी हा शोध जाहीर केला. जेथे तपमान उतरायचे थांबते त्या सीमेला तपस्तब्धी आणि तिच्यावरील मजल्याला स्थितांबर म्हणतात.

तपस्तब्धीची उंची सगळीकडे सारखी नसते. ध्रुवांजवळ ती ८-९ किलोमीटरवर, तर विषुववृत्ताच्या आसपास १६ ते १८ किलोमीटरवर असते. यातून एक गंमत उद्भवते. पृथ्वीवर उष्ण प्रदेश आपला, पण आपल्या डोक्यावरची तपस्तब्धी ध्रुवांवरच्या तपस्तब्धीपेक्षा जास्त थंड! आपल्याकडे हवा अधिक उंचीपर्यंत थंड होत जाते आणि तपमान उणे ७५ ते ८० अंशांपर्यंत उतरते.

वैमानिकाला याचे महत्त्व काय? प्रवासी जेट विमाने साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात. उत्तर ध्रुवाकडून जाणारे विमान त्या उंचीवर स्थितांबरात असते आणि ढग त्याच्या खाली राहतात. मुंबईवरून जाणारे विमान मात्र अजून तपांबरातच असते. आपल्याकडचे क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी वादळाचे ढग, १५ किलोमीटरच्याही वर जातात. त्यांच्यावरून उडून जाणे बहुतेक वेळा शक्य नसते, वळसाच घालावा लागतो. अशा ढगाचा माथा तपस्तब्धीला टेकला की वर सरकू शकत नाही, मग तो लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. वळवाच्या दिवसांत दूरवर असा ढग दिसला तर नीट पाहा. ऐरणीची सपाट बाजू म्हणजे तपस्तब्धी कोठे आहे, याची आकाशात उमटलेली खूणच होय.

तपस्तब्धीजवळ अत्यंत वेगवान झोतवारे वाहतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे पूर्वेकडे जाणारे विमान लवकर पोचते आणि परतताना उशीर होतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत असतो. त्याचे वर्णन करणारे शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम हे भारतीयच होते.

स्थितांबर सुमारे ५० किलोमीटरपर्यंत आहे. त्यात ओझोन वायू सूर्याचे जंबुपार किरण शोषून घेतो आणि त्यामुळे वर जावे तसे तपमान वाढत जाते. थंड हवा खाली आणि उबदार हवा वर, अशी रचना असल्याने येथे वर-खाली प्रवाह फारसे होत नाहीत.

श्वासाचा हिशेब

आता मघाचा तो दुधाचा पेला आठवा. फुप्फुसातून रक्तात प्राणवायू ढकलला जातो तो त्याच्या स्वतःच्या दाबामुळे. समुद्रसपाटीवर प्राणवायूचा दाब एकूण १०१३ पैकी सुमारे २१२ हेक्टोपास्कल असतो. साडेपाच किलोमीटरवर तो निम्मा होतो. टक्केवारी तीच, पण ढकलणारा जोर अर्धा!

हे कळण्यासाठी माणसाने फार मोठी किंमत मोजली आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचा फुगा उडाला. त्यात तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेल्ली हे तिघे होते. प्राणवायूने भरलेल्या पिशव्या त्यांनी बरोबर नेल्या होत्या. फुगा आठ हजार मीटरच्या वर गेला. त्यांना गुदमरल्यासारखे झाले नाही, दुखलेखुपले नाही, उलट प्रसन्न वाटत होते. पिशवीची नळी तोंडाशी न्यावी असे वाटले, तेव्हा हातच उचलेनात! फुगा खाली आला तेव्हा एकटे तिसांदिए जिवंत होते.

या अवस्थेचा सर्वांत मोठा धोका हाच, की ती कळत नाही. आपल्याला गुदमरल्याची जाणीव होते ती शरीरात कार्बन डाय-ऑक्साइड साचल्यामुळे, प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. विरळ हवेत कार्बन डाय-ऑक्साइड उच्छ्वासावाटे नीट बाहेर पडत राहतो, म्हणून शरीर धोक्याची घंटा वाजवीतच नाही. प्राणवायूची जोड नसेल तर साडेसात किलोमीटरवर माणूस सुमारे तीन ते पाच मिनिटे शुद्धीवर राहून काम करू शकतो. साडेदहा किलोमीटरवर अवघा अर्धा ते एक मिनिट!

म्हणून जेट विमानाच्या आत हवा दाबून भरतात आणि आतील दाब सुमारे २,४०० मीटर उंचीइतका, किंवा त्याहून जास्त, ठेवतात. कळसूबाईहूनही उंच अशा या ‘डोंगरावर’ आपण प्रवासभर बसलेले असतो. चढता-उतरताना कानांना दडे बसतात ते यामुळेच.

ही व्यवस्था चालली नाही तर? १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे हेलिऑस एअरवेजचे बोइंग ७३७ विमान निघाले. आतील दाब राखणाऱ्या यंत्रणेचा खटका तपासणीनंतर ‘स्वयंचलित’वर परत आणायचा राहून गेला होता. विमान चढू लागले, आतला दाब उतरू लागला. धोक्याचा भोंगा वाजला. पण जमिनीवर असताना वेगळ्याच कारणासाठी वाजणाऱ्या भोंग्याचा आवाजही तसाच असल्याने वैमानिकांची गल्लत झाली आणि ती निस्तरेपर्यंत त्यांची शुद्ध हरपली. विमान आपोआप अथेन्सपर्यंत गेले, तेथे घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपल्यावर कोसळले. १२१ माणसे गेली. विमानात परिचारिका सांगतात, ‘मुखवटा आधी स्वतः लावा, मग शेजारच्याला मदत करा.’ हा स्वार्थ नव्हे. शुद्ध गेलेला माणूस कोणालाच मदत करू शकत नाही.

सुमारे १९ किलोमीटरवर तर आणखी एक सीमा आहे. तेथे दाब इतका कमी असतो, की पाणी ३७ अंशांवरच, म्हणजे आपल्या शरीराच्या तपमानालाच उकळते! नुसता प्राणवायूचा मुखवटा तेथे पुरत नाही, बंद दाबयुक्त कोठडी किंवा विशेष पोशाखच लागतो. २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया यांनी मुंबईहून उष्ण हवेच्या फुग्यातून २१,०२७ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला, तो अशाच बंद कोठडीत बसून.

आणखी वर

५० ते सुमारे ८५ किलोमीटरपर्यंत मध्यांबर आहे. येथे पुन्हा तपमान उतरते आणि वरच्या टोकाला उणे ९० अंशांच्याही खाली जाते. बहुतेक उल्का येथे जळून जातात. त्यावरच्या उष्मांबरात अतिविरळ वायूचे तपमान हजार अंशांवर जाऊ शकते. मात्र रेणू इतके थोडे, की त्यांचा चटका बसणार नाही. सुमारे १०० किलोमीटरवर अंतराळाची सीमा मानतात. या उंच थरांतील विद्युत्भारित कणांच्या पट्ट्यांना आयनांबर म्हणतात. भूपृष्ठावरून निघालेल्या लघुलहरी त्यावरून परावर्तित होतात. म्हणूनच महासागरावरून उडणारा वैमानिक क्षितिजापलीकडील केंद्राशी रेडिओवर बोलू शकतो. विमान कधीच न पोचणारा हा मजलाही असा त्याच्या उपयोगी पडतो.

करून पाहा

विमानात बसल्यावाचूनही तुम्हाला यातील बरेच पाहता येईल. पुढच्या सहलीत महाबळेश्वरला किंवा एखाद्या उंच गडावर गेलात, तर पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली तेथे बूच घट्ट लावून बंद करा आणि कोकणात किंवा मुंबईला उतरल्यावर पाहा. बाटली चेपलेली दिसेल. खाली घेतलेले वेफर्सचे बंद पाकीट वर नेलेत, तर ते टम्म फुगेल. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. काही मोबाईल फोनमध्ये हवेचा दाब मोजण्याची सोय असते. असा फोन मिळाला तर दहा मजली इमारतीच्या तळाशी आणि गच्चीवर दाब नोंदवा. फरक साधारण साडेतीन हेक्टोपास्कल येईल. त्याला सव्वाआठने गुणा आणि इमारतीची उंची काढा. उत्तर एक-दोन मीटरने चुकले, तर दोन्ही वेळची हवा सारखीच होती का, हे तपासा. उंचीमापक वापरणारा प्रत्येक वैमानिक मनात हाच प्रश्न विचारत असतो.